मोगलांच्या बदलत्या धोरणाला पुरून उरलेला मलिक अंबर

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या पूर्वेस, खुलताबाद येथे मलिक अंबरची कबर आहे. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली, असा मोगलांचा समज झाला. अंबरने मात्र त्याच वर्षी राजघराण्यातील मुर्तझाला परांड्यात गादीवर बसविले. १६१० मध्ये दौलताबादेस राजधानी नेऊन त्याने जवळच खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर.

दख्खन खालसा करावी की मांडलिक ठेवावी, याबाबत जहांगीरच्या दरबाराचे धोरण सतत हेलकावे खात राहिले. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली आणि १६१७ मध्ये लगेच तह केला. १६२१ मध्ये पुन्हा स्वारी, पुन्हा तह. तिन्ही शाह्यांवर मिळून ५० लाखांची खंडणी. अंबर तह स्वीकारी आणि मोगल फौज परतली की मुलूख सोडवून घेई. मराठा घोडदळाचे चपळ हल्ले आणि रसद तोडणे, हे त्याचे हत्यार होते.

खरी कसोटी लागली ती शहाजादा खुर्रमच्या बंडात. १६२३ मध्ये खुर्रम मदत मागण्यास आला, तेव्हा अंबरने नकार दिला. विजापूरविरुद्ध मोगलांचा पाठिंबा मिळेल, ही त्यामागची अपेक्षा. मोगलांनी विजापूरलाच जवळ केले! दोघांच्या संयुक्त फौजेला अंबरने १६२४ मध्ये भातवडीस धूळ चारली. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. त्यानंतर मात्र परतलेल्या खुर्रमला अंबरने हात दिला आणि दोघांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला. वेढा फसला, शहाजादा पित्याला शरण गेला.

१६२६ मध्ये सुमारे ऐंशी वर्षांचा अंबर मृत्यू पावला. पुढे हाच खुर्रम शहाजहान म्हणून तख्तावर आला. १६३३ मध्ये त्याच्या फौजेने अंबरचा मुलगा फतेहखान याच्याकडून दौलताबाद घेतले आणि १६३६च्या तहात मोगल व विजापूर यांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला.