भास्कराचार्यांनी चेंडूवर कापड का पांघरले?

पनवेलमध्ये घर घेताना जागा चौरस फुटांत मोजतात आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी लिटरमध्ये. पृष्ठभागाचे माप वेगळे आणि आत मावणाऱ्या वस्तूचे वेगळे. हा भेद एकेकाळी लल्ल या नामवंत ज्योतिर्विदाकडून निसटला होता. तो दाखवून दिला भास्कराचार्यांनी.

त्यांचा जन्म १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

लल्लांनी गोलाचे पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. क्षेत्रफळात लांबी दोनदा येते. तिला पुन्हा लांबीने गुणले की उत्तर घनफळाच्या जातीचे होते. लल्लांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीका लिहिली होती, तरी ही चूक त्यांनी झाकली नाही. त्यांची युक्ती साधी होती. चेंडूच्या निम्म्या परिघाएवढा व्यास असलेले गोल कापड अर्धा चेंडू झाकते आणि वर थोडे उरते. हे कापड चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या अडीचपटही भरत नाही. मग अर्ध्या चेंडूचे पृष्ठफळ त्याहून जास्त कसे असेल?

खरे पृष्ठफळ वर्तुळाच्या चौपट, म्हणजे परिघ गुणिले व्यास. आवळ्याच्या फोडींसारखे गोलाचे भाग कल्पून त्यांनी ते सिद्ध केले. पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने धरून तिचे पृष्ठफळ त्यांनी ७८,५३,०३४ वर्ग योजने काढले. पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ मिळते, हेही सांगितले.

लांबी, क्षेत्रफळ, घनफळ यांच्यापुढे काय? डोळ्यांना तीनच मिती दिसतात, पण संख्यांना ते बंधन नाही. चौथ्या घाताला भारतीय गणितात ‘वर्गवर्ग’ म्हणत. बाजू ३ असेल तर वर्ग ९, घन २७, वर्गवर्ग ८१. बीजगणितात भास्कराचार्यांनी चौथ्या घाताचे एक समीकरणही सोडवले असून त्याचे उत्तर ११ आहे. चार मितींच्या आकारांची भूमिती युरोपात एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. तिथे चौकोनी ठोकळ्याच्या पुढच्या आकाराचे माप काढायचे तर बाजूचा वर्गवर्गच घ्यावा लागतो.

११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तिथला शिलालेख आजही या घराण्याची साक्ष देतो.