बर्फातून वाट काढणारे मेकॅनिक : जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर

थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टी आपण मुलांना नेहमी सांगतो. आज एका मेकॅनिकची गोष्ट बघूया. गॅरेजमध्ये हात काळे करणारा हा माणूस. शिक्षण म्हणाल तर संध्याकाळचे वर्ग आणि स्वतः वाचलेली पुस्तकं, तेवढंच. पण गाडी बर्फात का रुतते, हा एकच प्रश्न त्याने वर्षानुवर्षे सोडला नाही. चौथीपासून पुढच्या मुलांना ही गोष्ट नक्की समजते आणि विज्ञानातला 'दाब' शिकवताना तर ती फार उपयोगी पडते.

जन्म आणि बालपण

कॅनडामध्ये क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथले बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. या प्रांतातल्या व्हालकूर या छोट्या गावात १६ एप्रिल १९०७ रोजी जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर यांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड शेती करायचे, पुढे त्यांनी दुकान टाकलं. आठ भावंडांमध्ये आर्मां सगळ्यात थोरला.

मुलगा हातचा फार कसबी. सिगारचे रिकामे डबे आणि जुन्या घड्याळांचे भाग घेऊन तो चालणारी खेळणी बनवायचा. घरातली कुठलीही वस्तू उघडून आत काय आहे ते बघायची सवय. अशी मुलं आपल्या प्रत्येक वर्गात एक-दोन असतातच. पेनाची स्प्रिंग काढणारी, बंद पडलेला रिमोट खोलून बसणारी. आपण बहुतेक वेळा त्यांना ओरडतो.

वडिलांची इच्छा होती की मुलाने धर्मगुरू व्हावं. म्हणून चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रूक शहरातल्या धर्मशाळेत शिकायला पाठवलं. पण त्याचं मन काही तिथे रमेना.

पंधराव्या वर्षीची गाडी

क्वेबेकचा हिवाळा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना आधी समजावून सांगावं लागतं. महिनोन्महिने रस्त्यावर बर्फाचे थर. त्या काळात खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नसत. लोक मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायचे आणि पुन्हा घोड्याच्या घसरगाडीवर यायचे. मोटार होती, पण वर्षातले कितीतरी महिने ती निरुपयोगी.

वडिलांनी आर्मांला फोर्ड मॉडेल टी मोटारीचं एक जुनं इंजिन दिलं होतं. त्याने दोन घसरगाड्या एकमेकींना जोडल्या, त्यांवर ते इंजिन बसवलं आणि मागच्या बाजूला विमानाला असतो तसा लाकडी पंखा लावला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी ही गाडी व्हालकूरच्या रस्त्यावर धावली. पुढे बसून दिशा सांभाळायचं काम त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्ड करत होता. आर्मां तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

गाव बघायला लोटलं. वडील मात्र घाबरले. उघडा फिरणारा पंखा, त्यात कुणाचा हात गेला तर? त्यांनी गाडी लगेच खोलून टाकायला लावली. पालक म्हणून त्यांचं बरोबरच होतं. पण याच वडिलांनी दोन वर्षांनी मुलाचं म्हणणं ऐकलं, धर्मशाळा सोडायला परवानगी दिली आणि त्याला गॅरेजमध्ये शिकायला जाऊ दिलं. पालकसभेत सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. धोका दिसला तिथे थांबवलं, पण आवड मारली नाही.

गॅरेज आणि पहिले प्रयोग

आर्मां आधी जवळच्या गावात आणि मग मॉन्ट्रियल शहरात गॅरेजमध्ये कामाला लागले. दिवसा काम आणि संध्याकाळी यंत्रं व विजेचा अभ्यास. १९२६ साली ते गावी परतले. वडिलांच्या पैशांच्या मदतीने त्यांनी स्वतःचं गॅरेज उघडलं, तेव्हा वय होतं एकोणीस. ते कर्ज त्यांनी तीन वर्षांत फेडलं. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

उन्हाळ्यात गॅरेजला उसंत नसायची. हिवाळ्यात मोटारीच बंद, मग दुरुस्ती कसली? त्या रिकाम्या महिन्यांत ते बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करायचे. एक नमुना करायचा, चालवून बघायचा, मोडायचा, पुन्हा दुसरा करायचा. असं जवळजवळ दहा वर्षं चाललं.

१९३४ चा हिवाळा

त्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. आंत्रपुच्छाचा त्रास होता, तो पोटात पसरला. ऑपरेशन करणं गरजेचं होतं. दवाखाना शेरब्रूकला, सुमारे ५० किलोमीटरवर. सगळे रस्ते बर्फाने बंद. आणि ज्या गाडीवर ते इतकी वर्षं काम करत होते, ती चालवण्याजोगी तयार नव्हती. मुलगा वाचला नाही.

इथे एक सूचना कराविशी वाटते. काही ठिकाणी ही गोष्ट अशी सांगतात की मुलगा गेला म्हणून त्यांनी गाडीचा शोध लावला. तारखा बघितल्या तर तसं नाही. काम आधीपासून सुरूच होतं. पण घरातल्या घरात, आपल्याच पोटच्या पोरापर्यंत ते पोहोचलं नाही. त्यानंतर त्यांच्या कामाची दिशा पक्की झाली. एक-दोन माणसांना पळवणारी हौसेची गाडी त्यांना नको होती. डॉक्टरला आजाऱ्यापर्यंत आणि आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत नेणारी, भर हिवाळ्यात भरवशाची बंद गाडी त्यांना हवी होती. आपल्याकडेही पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून न्यावं लागणारे पाडे आहेत. तिथल्या मुलांना या प्रसंगाचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. लहान वर्गात मात्र हा भाग दोन वाक्यांतच सांगावा.

चाक का रुततं?

आता विज्ञानाकडे येऊ. साध्या मोटारीचं सगळं वजन चार टायर जमिनीला टेकतात तेवढ्याच जागेवर येतं. एकेका टायरचा टेकणारा भाग साधारण आपल्या तळहाताएवढा किंवा थोडा मोठा. डांबरी रस्त्यावर तेवढा पुरतो. भुसभुशीत बर्फात मात्र चाक आत जातं, गाडीचं पोट बर्फावर टेकतं आणि चाक नुसतं जागेवर फिरत राहतं. चिखलात ट्रॅक्टर रुतल्यावर आपण हेच बघतो.

मुलांना असं गणित द्या. ४० किलो वजनाची मुलगी बूट घालून उभी आहे. दोन्ही बुटांचे तळवे मिळून ३२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १२५ ग्रॅम भार. आता तिने पायाला १६० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन लाकडी पट्ट्या बांधल्या, ज्याला स्की म्हणतात. क्षेत्रफळ झालं २५६० चौरस सेंटिमीटर. भार उरला १६ ग्रॅमपेक्षाही कमी. वजन तेच, पण दाब आठ पटीने कमी. म्हणून ती बर्फावर तरंगल्यासारखी चालते.

बॉम्बार्डियर यांनी गाडीसाठी हेच केलं. पुढच्या चाकांच्या जागी स्की बसवल्या, दिशा वळवण्यासाठी. मागे रुंद, लांब पट्टा बसवला, जो स्वतःभोवती फिरत राहतो. पट्टा रबर आणि कापडाचा, त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या. तो फिरवायला रबर चढवलेलं दातेरी चाक. रबरामुळे बर्फ चिकटून गोठत नाही आणि आडव्या पट्ट्यांमुळे पकड मिळते. वजन पसरलं, पकडही मिळाली. २९ जून १९३७ रोजी या रचनेचं पेटंट त्यांना मिळालं.

आजच्या गाड्यांचं काय?

मुलं हमखास विचारतात, आता तर फोर व्हील ड्राइव्ह गाड्या आहेत, त्या बर्फात जातात ना? इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात.

- इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी निसरड्या जागेवरून सुटायला आणि चढ चढायला सोपी जाते. दोन चाकं घसरली तरी बाकीची दोन ओढतात.
- ब्रेक मात्र प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. त्यामुळे थांबताना फोर व्हील ड्राइव्हचा काही जास्तीचा फायदा नाही. तिथे कामाला येतो तो टायर.

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणून फोर व्हील ड्राइव्ह असूनही टायर साधे असतील तर गाडी निघते झोकात, पण वळणावर आणि थांबताना घसरते. क्वेबेकमध्ये आज १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आणि बर्फ गाडीच्या पोटापर्यंत आला, तर टायर कितीही चांगला असो, पट्ट्याचीच गाडी लागते.

कारखाना, यश आणि धक्का

पहिली विकाऊ गाडी सात जणांची होती, तिचं नाव बी-७. नंतर बारा जणांची बी-१२ आली. डॉक्टर, टपाल खातं, धर्मगुरू असे सगळे ती घेऊ लागले. ती रुग्णवाहिका म्हणूनही धावली. १९४२ साली कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठीही गाड्या बनल्या. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गाडी म्हणजे सी-१८. तिच्यातून सुमारे २५ विद्यार्थी बर्फातून शाळेत जायचे. हिवाळी स्कूलबसच ती!

मग १९४८ मध्ये सरकारने हिवाळ्यात सगळे रस्ते साफ करायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, पण कंपनीची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली. बॉम्बार्डियर रडत बसले नाहीत. रस्ते साफ झाले, पण शेतं, जंगलं, दलदल कुठे साफ झाली होती? त्यांनी शेतीच्या ट्रॅक्टरच्या चाकांवर चढवायचे पट्टे केले. १९५३ मध्ये दलदलीत आणि बर्फात चालणारा मस्केग हा पट्ट्याचा ट्रॅक्टर बाजारात आणला.

आणि १९५९ साली त्यांचं लहानपणचं स्वप्न पुरं झालं. एक-दोन माणसांची हलकी बर्फगाडी, स्की-डू. तिच्या अखंड रबरी पट्ट्याच्या कामात मुलगा जर्मेन याचा मोठा वाटा होता. पहिल्या हिवाळ्यात २२५ गाड्या विकल्या गेल्या. उत्तरेकडच्या दूरच्या वस्त्यांमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांची जागा अशा गाड्यांनी घेतली.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय फक्त ५६. त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंट आहेत. पुढे कंपनी रेल्वे आणि विमानं बनवू लागली. मुंबईच्या पालकांना हे नाव ओळखीचं वाटलं असेल. २०१५ पासून धावू लागलेल्या ज्या गाड्यांना प्रवासी बॉम्बार्डियर लोकल म्हणतात, त्यांची विद्युत यंत्रणा याच कंपनीची. व्हालकूरमध्ये आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि त्यांचं जुनं गॅरेजही तिथे जपून ठेवलंय.

वर्गात काय घेता येईल?

१. ताटात रवा किंवा कोरडी वाळू पसरा. एक वीट आधी उभी, मग आडवी ठेवा. खड्डा किती पडला ते पट्टीने मोजून वहीत लिहायला सांगा.
२. खेळण्यातल्या गाडीच्या चाकांना रुंद रबरी पट्टा घालून तीच गाडी वाळूवरून ओढून बघा. कोणती कमी रुतते?
३. चर्चेचा प्रश्न : उंटाचे पाय रुंद का असतात? चिखलात गाडी अडकली की चाकाखाली फळी का घालतात?
४. लेखनासाठी विषय : माझ्या गावात पावसाळ्यात कोणती वाट बंद होते आणि तिथे कोणती गाडी चालेल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं फेकून देऊ नका, एका फाईलमध्ये ठेवा. बॉम्बार्डियर यांनीही सुरुवात अशाच, गावातल्या बंद वाटेपासून केली होती.

उपक्रम घेतलात तर मुलांना काय दिसलं ते जरूर कळवा.