संरक्षणमंत्री यशवंतराव

त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या खेड्यात १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढविले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून यशवंतराव १९३८ साली बी. ए. झाले. म्हणूनच की काय, मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी वर्षाला १,२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांची फी माफ केली. घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आमच्यासारख्यांना या निर्णयाचे मोल सांगायला नको.

आणि अशा माणसाच्याच वाट्याला बंदुकांसाठी पैसा मागण्याचे काम यावे! २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. आपल्या जवानांजवळ जुन्या रायफली होत्या, अंगावर पुरेसे गरम कपडेही नव्हते. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली होती. तोफा थांबल्यावर तोफांसाठी पैसा मागायचा, हे काम अधिक अवघड होते.

आदल्या वर्षी ५०० कोटींच्या आत असलेला संरक्षण खर्च १९६३-६४ मध्ये ८०० कोटींच्या वर गेला. कर वाढले, सक्तीची बचत आली. सोन्यावरील नियंत्रणाने गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला. १९५९ मध्ये लडाखच्या सीमेवर आपले शिपाई चिन्यांच्या गोळीला बळी पडले, तेव्हापासूनच हा खर्च थोडाथोडा वाढविला असता तर गरिबावर एकदम एवढा बोजा पडला नसता, असे मला वाटते.

यशवंतरावांनी मात्र नुसता पैसा मागितला नाही. पराभवाच्या चौकशीत दिसलेल्या उणिवा त्यांनी १९६३ मध्ये लोकसभेपुढे मांडल्या. सेनापतींना विश्वासात घेतले. १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखली, पहाडी युद्धासाठी वेगळ्या डिव्हिजन उभ्या राहिल्या. आपल्या भंडाऱ्याजवळची जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी याच काळातली. तिच्यामुळे कितीतरी घरांची चूल पेटली. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तेथील कामगार गेले. संरक्षणाच्या खर्चात तेही धरावे लागतील.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा योजना अर्धीही झाली नव्हती, तरी सैन्य डगमगले नाही. १९७१ च्या युद्धात यशवंतराव अर्थमंत्री होते. पूर्वी मागणारा हात आता देणारा झाला होता! २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांची समाधी आहे.