फादर आंजेलो सेक्की व ताऱ्यांचें वय

कार्तिक महिन्यांत सायंकाळीं पूर्वेकडे पाहिलें असतां कृत्तिकांचा लहानसा पुंजका वर येतांना दिसतो. साध्या डोळ्यांना त्यांत सहा किंवा सात तारे मोजतां येतात. वास्तविक तेथें हजाराहून अधिक तारे आहेत. हें कुटुंब किती वर्षांचें असावें, असा प्रश्न कोणीं केल्यास तो पोरकट वाटेल. परंतु त्याचें उत्तर आज देतां येतें, आणि त्या वाटेवरील एक पहिली पायरी एका येशूसंघीय धर्मगुरूनें ख्रिस्तमंदिराच्या छपरावरून घातली. त्या थोर पुरुषाचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

आंजेलो सेक्की यांचा जन्म इटलींतील रेज्जो एमिलिया या नगरांत १८१८ सालच्या जून महिन्यांत झाला. वडील सुतारकाम करीत. आई अशी व्यवहारी कीं, तिनें मुलाला शिवण व विणकामसुद्धां शिकविलें. पुढें यंत्रें जुळवितांना ही शिकवण फुकट गेली नसावी! वयाच्या सोळाव्या वर्षीं ते रोम येथें येशूसंघांत दाखल झाले आणि १८४७ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षीं रोममध्यें क्रांतीचा वणवा पेटला व येशूसंघीयांना शहर सोडावें लागलें. सेक्की प्रथम इंग्लंडांत स्टोनीहर्स्ट येथें व तेथून अमेरिकेंत जॉर्जटाउन येथें गेले. इतक्यांत रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख फादर दे व्हिको हे परदेशांतच वारले. १८४९ सालीं सेक्की परतले व ती जागा त्यांच्याकडे आली.

या कॉलेजाला लागून संत इग्नेशियस यांचें भव्य मंदिर आहे. त्याला घुमट नाहीं. घुमटाचा भार पेलण्यासाठीं प्रचंड खांब उभारले गेले. घुमट मात्र बांधला गेला नाहीं. आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय चित्रकारानें १६८५ सालीं कापडावर घुमट रंगवून तेथें बसविला, आणि आजही भाविक मान वर करून फसतात. सेक्की यांची नजर त्या खांबांवर गेली. दुर्बिणीला तिळमात्र हादरा खपत नाहीं. घुमटासाठीं बांधलेले खांब तिला हवे तसेच होते. थोड्याच वर्षांत तेथें नवी वेधशाळा उभी राहिली. खालीं पवित्र मिस्सा, वर दुर्बीण!

सूर्यग्रहणें, हवामान, समुद्राच्या पाण्याची स्वच्छता मोजण्याची पांढरी तबकडी, अशीं त्यांचीं कामें अनेक आहेत. त्यांचें खरें कार्य मात्र ताऱ्यांच्या प्रकाशाचें. दुर्बिणीला लोलक जोडून ताऱ्याचा प्रकाश फांकविला, म्हणजे रंगांचा पट्टा उमटतो व त्यांत काळ्या रेषा दिसतात. १८६३ पासून सेक्की यांनीं नुसत्या डोळ्यांनीं चार हजारांवर ताऱ्यांचे पट्टे तपासले आणि त्यांचे वर्ग पाडले: व्याध व अभिजित यांसारखे शुभ्र, सूर्य, स्वाती व ब्रह्महृदय यांसारखे पिवळे, काक्षी व ज्येष्ठा यांसारखे तांबडे, आणि चौथे कोळशाच्या मूलद्रव्याच्या खुणा दाखविणारे गडद लाल. मृगांतील ताऱ्यांच्या रेषांत कांहीं वेगळेंच साम्य आहे, हेंही त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

रंगावरून वय सांगण्याचा मोह त्या काळींच उत्पन्न झाला. जर्मन ज्योतिषी फोगेल यांनीं १८७४ सालीं शुभ्र तारे तरुण व तांबडे तारे वृद्ध, अशी मांडणी केली. ती ऐकण्यास सोपी होती. पण चुकीची ठरली. काक्षी तांबडा असून त्याचें वय सुमारें एक कोटि वर्षें. आपला पिवळा सूर्य साडेचारशें कोटि वर्षांहून जुना. कारण हें कीं, जितका तारा जड, तितका तो आपलें इंधन उधळेपणानें संपवितो. म्हणून एकट्या ताऱ्याचा रंग फसवितो. परंतु एकाच मेघांतून एकाच सुमारास जन्मलेलें अख्खें कुटुंब घेतलें, तर त्यांतील जड तारे आधीं निवृत्त होतात; कोणत्या वजनापर्यंतचे गेले, हें पाहिलें कीं कुटुंबाचें वय कळतें. हर्ट्झस्प्रुंग यांनीं १९११ सालीं कृत्तिका व रोहिणीचा पुंज यांतील ताऱ्यांचे रंग व तेज यांचे आलेख प्रसिद्ध केले. पुढें अशाच आलेखांवरून वयाचें गणित बसलें.

या गणिताला एक स्वतंत्र साक्षीदार मिळाला, तो लिथियम धातूचा. ताऱ्याच्या पोटांतील उष्णता पंचवीस लाख अंशांच्या आसपास पोहोंचली कीं लिथियम नष्ट होतो. अगदीं लहान ताऱ्यांना तितकें तापण्यास फार काळ लागतो. म्हणून किती लहान ताऱ्यांपर्यंत तो नाहींसा झाला, यावरून वय निघतें. १९९० नंतरच्या दशकांत ही कसोटी कृत्तिकांना लावली, तेव्हां त्यांचें वय पूर्वी मानल्यापेक्षां अधिक, म्हणजे सुमारें बारा कोटि वर्षें, ठरलें. रोहिणीचा पुंज साठ ते ऐंशीं कोटि वर्षांचा. आणि ही लिथियमची खूण वाचावयाची कोठें? पट्ट्यांतील काळ्या रेषेंतच.

सेक्की यांचे अखेरचे दिवस कष्टाचे गेले. १८७० सालीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें. नव्या राज्यांत विद्यापीठांतील मानाची जागा त्यांना देऊं करण्यांत आली; ती त्यांनीं अखेर नाकारली व परमगुरुस्वामींवरील निष्ठेंत अंतर पडूं दिलें नाहीं. १८७३ च्या कायद्यानें येशूसंघाचें घर गेलें, परंतु जगभर कीर्ति पावलेल्या या वृद्ध धर्मगुरूस वेधशाळेंत राहूं दिलें गेलें. सोबती पांगले, शरीर आंतून पोखरलें जात होतें, तरी १८७७ सालीं त्यांनीं ताऱ्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७८ च्या फेब्रुवारींत नवव्या पायस पोपमहाराजांचें निधन झालें. त्याच महिन्याच्या २६ तारखेस सेक्कीही पोटाच्या कर्करोगानें प्रभूकडे गेले. वर्षभरानें सरकारनें वेधशाळा आपल्या ताब्यांत घेतली.