अर्नेस्ट ॲमरी कॉडमन

अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (३० डिसेंबर, इ.स. १८६९:बॉस्टन, मॅसेच्युसेट्स, अमेरिका - २३ नोव्हेंबर, इ.स. १९४०) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. खांद्याचे विकार आणि खांद्याजवळील अस्थिभंग यांच्या शास्त्रीय अभ्यासाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवून ती जाहीर करावी, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. या आग्रहापायी त्यांना पद, प्रतिष्ठा आणि उत्पन्न यांवर पाणी सोडावे लागले.

शिक्षण

कॉडमन यांनी इ.स. १८९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देण्याचे काम नवख्या विद्यार्थ्यांवर सोपवले जाई आणि त्यात रुग्ण दगावतही असत. कॉडमन आणि त्यांचे सहाध्यायी हार्वे कुशिंग (हे पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी विख्यात झाले) यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वसन यांची नोंद ठेवणारे तक्ते सुरू केले. कोणाच्या रुग्णांना भुलेचा त्रास कमी होतो, यावर दोघांत पैजही लागली होती. त्यांच्या पुढील कार्याचे बीज या तक्त्यांत दिसते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कॉडमन यांनी लगेच त्यांचा अभ्यास सुरू केला व निरोगी सांध्यांच्या क्ष-किरणचित्रांचा संग्रह तयार केला.

खांद्यावरील संशोधन

मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत असताना कॉडमन खांद्याकडे वळले. खांद्याभोवतीच्या कंडरा तुटल्यास त्या शिवता येतात, हे दाखवणारा त्यांचा लेख इ.स. १९११मध्ये प्रसिद्ध झाला.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडते तेव्हा भेगा कशाही जात नाहीत, हे त्यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे ठरले. बालपणी हे टोक वेगवेगळ्या अस्थिकेंद्रांपासून तयार होते आणि वाढ पूर्ण झाल्यावर ती एकजीव होतात. प्रौढ वयातील अस्थिभंग बहुधा याच जुन्या सांध्यांच्या रेषांवरून जातो. त्यामुळे हाडाचे जास्तीत जास्त चार भाग होतात : गोल शीर्ष, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालचा दांडा. उंचवट्यांना स्नायूंच्या कंडरा जोडलेल्या असल्याने सुटलेला तुकडा कोणत्या दिशेला ओढला जाईल, याचाही अंदाज यावरून बांधता येतो. हे विवेचन 'द शोल्डर' या त्यांच्या ग्रंथात आहे. इ.स. १९३४मध्ये तो त्यांनी स्वतःच प्रकाशित केला. कमरेत वाकून हात लोंबकळत ठेवायचा आणि लंबकाप्रमाणे हलवायचा, हा खांदा आखडू नये म्हणून दिला जाणारा व्यायाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

अंतिम परिणामांची नोंद

कॉडमन यांच्या मते प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे. त्यावर लक्षणे, निदान, उपचार, गुंतागुंत आणि वर्षभरानंतरची स्थिती लिहावी. अपयश आले असल्यास त्याचे कारणही लिहावे. रुग्णालयाने ही पद्धत स्वीकारली नाही. इ.स. १९११मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. तेथून इ.स. १९१६पर्यंत बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत त्यांनी १२३ चुका नोंदवल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. स्वतःचे दोष असे चव्हाट्यावर मांडणारा शल्यचिकित्सक त्या काळी विरळाच होता.

इ.स. १९१४मध्ये, केवळ ज्येष्ठतेवर बढती देण्याच्या प्रथेच्या निषेधार्थ, त्यांनी मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. जानेवारी १९१५मध्ये बॉस्टनच्या वैद्यकसभेत त्यांनी एका भल्यामोठ्या व्यंगचित्रावरील पडदा दूर केला. वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी देणारा शहामृग त्यात होता. शहरातील धनिक वस्ती आणि तिच्यावर पोसला जाणारा वैद्यकव्यवसाय यांवरील हा प्रहार अनेकांना झोंबला. कॉडमन यांना सभेच्या शल्यविभागाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि हार्वर्डमधील अध्यापनही संपले. पुढे महायुद्धाच्या काळात त्यांचे रुग्णालय बंद पडले आणि ते कर्जबाजारी झाले.

उत्तरायुष्य आणि प्रभाव

इ.स. १९२०च्या सुमारास त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशभरातील रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली जाई. मृत्यूनंतर त्यांच्या दफनस्थळी अनेक दशके नावाची शिळा नव्हती, ती इ.स. २०१४मध्ये बसवण्यात आली.

त्यांच्या चार भागांच्या कल्पनेवर चार्ल्स नीयर यांनी इ.स. १९७०मध्ये वर्गीकरण रचले. एखादा भाग १ सेंटीमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक कलला, तरच तो स्वतंत्र धरावा, असे त्यात ठरवले आहे. पट्टी व स्क्रूंनी हाड जोडावे, कृत्रिम शीर्ष बसवावे की हात झोळीत ठेवावा, याचा विचार शल्यचिकित्सक या वर्गीकरणाच्या आधारे करतात. इ.स. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोफर' या ब्रिटिश चाचणीत असे तुकडे सरकलेल्या २५० रुग्णांची पाहणी झाली. खांद्याच्या स्थितीविषयी रुग्णांनाच विचारले असता, शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्यात दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही.