विल्यम केरी आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

आपल्या परभणी जिल्ह्यांतून गोदावरी वाहते. गंगाखेडच्या घाटावर पर्वणीच्या दिवशीं जे लोक स्नानास येतात ते पुढील पर्वणीसही येतात. एकदां केलेलें स्नान जन्मभर पुरलें असें त्यांपैकीं कोणी मानीत नाहीं. ख्रिस्ती मंडळींत मात्र पाण्याचा एक संस्कार असा आहे कीं, तो मनुष्याच्या आयुष्यांत एकदांच व्हावयाचा. बाप्तिस्मा एकच, हें पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. वाद आहे तो निराळाच. तान्ह्या मुलाच्या मस्तकावर आईबापांच्या विश्वासावर पाणी घातलें, तर तो बाप्तिस्मा झाला कीं नाहीं? झाला असेल, तर मोठेपणीं पुन्हा पाण्यांत उतरणें हा पहिल्याचा अवमान होय. झाला नसेल, तर न उतरणें हा आज्ञाभंग होय. मराठीचें व्याकरण व कोश छापून काढणारे डॉ. विल्यम केरी यांच्या आयुष्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टन परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील एडमंड हे आधीं विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर व तेथील चर्चचे कारकून झाले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्या चर्चमध्यें बाळाचा बाप्तिस्मा झाला. मोठा झाल्यावर विल्यम जोडे शिवण्याचें काम शिकूं लागला. दुकानांतील सोबती जॉन वॉर हा सरकारमान्य चर्चच्या बाहेरचा. दोघांचे वाद चालत. शब्दांनीं विल्यम जिंकी, परंतु जिंकल्यावरही त्याचें मन अस्वस्थ राही. अखेर तो त्या चर्चमधून बाहेर पडला, आणि बाप्तिस्म्याविषयीं शास्त्राचा अभ्यास करूं लागला. विश्वास आधीं व पाणी मागून, असें त्याचें मत बनलें. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं भल्या सकाळीं नॉर्थॅम्प्टन येथें नेन नदींत जॉन रायलंड यांनीं त्याला बुडवून बाप्तिस्मा दिला. रायलंड यांच्या लेखीं तो त्या वेळीं एक गरीब चांभार होता, इतकेंच.

केरी यांच्या दृष्टीनें हा दुसरा बाप्तिस्मा नव्हताच, पहिलाच होता. पण घरच्यांचा विचार करा! ज्या चर्चची वडील सेवा करीत, तेथें झालेला संस्कार मुलगा संस्कारच मानीत नाहीं, ही गोष्ट सहज गिळण्यासारखी नव्हती. त्यांतल्या त्यांत काळ बदलला होता म्हणावयाचा, इ. स. १५२७ मध्यें झूरिक शहरांत याच मतासाठीं फेलिक्स मांझ यास नदींत बुडवून मारण्यांत आलें होतें.

इ. स. १७९२ त बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली व १७९३ च्या नोव्हेंबरांत केरी बंगाल्यांत पोंचले. सात वर्षांनंतर, २८ डिसेंबर १८०० रोजीं, श्रीरामपूर येथें हुगळी नदींत त्यांनीं दोघांस बाप्तिस्मा दिला. एक कृष्ण पाल नांवाचा बंगाली सुतार, व दुसरा त्यांचा स्वतःचा मुलगा फेलिक्स. एक हिंदु घरांत जन्मलेला, दुसरा मिशनऱ्याच्या घरांत; पण बापानें मुलाला लहानपणीं बाप्तिस्मा दिला नव्हता, म्हणून दोघेही त्या दिवशीं प्रथमच पाण्यांत उतरले. स्वतःच्या मुलाबाबतही केरी यांनीं आपल्या मतास मुरड घातली नाहीं.

पुढें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवूं लागले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण निघालें, १८१० सालीं मोडी अक्षरांत कोश, व १८११ सालीं मराठी नवा करार. याच काळांत हेन्री मार्टिन यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. मार्टिन अँग्लिकन, अर्थात् लहानपणीं बाप्तिस्मा झालेले. १८०६ त केरी यांनीं सुचविलें कीं, सर्व पंथांच्या मिशनऱ्यांनीं १८१० सालीं केप ऑफ गुड होप येथें एकत्र जमावें. इंग्लंडांतील मित्रांनीं तें गोड स्वप्न म्हणून बाजूस सारलें. मात्र श्रीरामपूरच्या मंडळींत, बुडवून बाप्तिस्मा न घेतलेल्यांस प्रभुभोजनाच्या पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, यावर मतभेद होता, आणि मध्यंतरीं सैल झालेला नियम पुन्हा कडक करण्यांत आला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाच्या घरीं असें व्हावें, हें मला तरी बोचतें.

इ. स. १८१२ त अमेरिकन बोर्डानें धाडलेले पहिले मिशनरी कलकत्त्यास आले. अडोनिराम जडसन, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, न्यूवेल व ल्यूथर राइस या पांचांस ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम येथें एकाच वेळीं दीक्षा मिळाली होती. श्रीरामपुरास बॅप्टिस्टांशीं गांठ पडणार, तेव्हां उत्तर तयार असावें, म्हणून जडसन जहाजावर ग्रीक नवा करार उघडून बसले. आणि उत्तर शोधतां शोधतां स्वतःच डळमळले. पत्नी अ‍ॅन हिनें निक्षून सांगितलें कीं, तुम्ही बॅप्टिस्ट झालां तरी मी होणार नाहीं. केरी यांच्या घरीं पाहुणे असतां त्यांच्यापाशीं या विषयाची गोष्ट कोणी काढीत नसे, कारण पाहुण्यांशीं तो वाद काढावयाचा नाहीं असा तेथील परिपाठ होता. तरी पतिपत्नींनीं अभ्यास सोडला नाहीं. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यांतील लालबाजारच्या मंदिरांत विल्यम वॉर्ड यांनीं दोघांस बाप्तिस्मा दिला. ज्या बोर्डाच्या पैशावर ते आले त्याशीं संबंध तुटला. परक्या मुलुखांत पगार नाहीं, कंपनी सरकार हांकून देण्यास टपलेलें, आणि जिवाभावाचे सोबती दुरावलेले! नोव्हेंबरांत राइस यांनींही तोच मार्ग धरला.

गॉर्डन हॉल मात्र आपल्या मतावर राहिले. बाळपणींचा बाप्तिस्मा देवाच्या कराराचें चिन्ह आहे, तो पुन्हा व्हावयाचा नाहीं, ही त्या मंडळीची शिकवण. ते व नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालें. जडसन ब्रह्मदेशांत गेले व तेथील भाषेंत त्यांनीं बायबल उतरविलें. हॉल मराठी शिकले. मार्च १८२६ मध्यें नाशिककडे फिरतीवर असतां पटकीनें वारले. त्याच वर्षीं त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला.

केरी ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास निवर्तले. त्यांच्या परंपरेच्या बॅप्टिस्ट मंडळ्या आणि मुलांस बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या नांवानें एक झाल्या. दोन्ही रीती तेथें मान्य झाल्या. परंतु लहानपणीं बाप्तिस्मा झालेल्या माणसानें मोठेपणीं पुन्हा मागितला तर काय करावें, हा प्रश्न ऐक्याच्या वाटाघाटींत फार अवघड ठरला होता.