तोतरेपणा लपवायला मुका-बहिरा बनलेला तरुण पुढे स्पीच थेरपीचा गुरू झाला

आपलं अडखळणं लोकांना कळू नये म्हणून माणूस काय काय करेल? अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांनी तर तरुणपणी मुकं-बहिरं असल्याचं सोंग घेऊन एका शेतावर मजुरी केली होती. बोलायचंच नाही, म्हणजे अडखळायचाही प्रश्न नाही!

त्यांचा जन्म १९०५ चा, मिशिगनमधल्या चॅम्पियन गावातला. लहानपणापासून ते तोतरं बोलायचे. त्यांचं सोंग टोकाचं होतं, पण अशा पळवाटा आपल्याकडेही असतात. समजा, अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या माणसाची जीभ अकोल्याच्या अ वर अडते. मग तो कंडक्टरला पुढच्या बाळापूरचं तिकीट मागतो. पैसे जास्त जातात आणि अकोला या शब्दाची भीती मात्र आणखी वाढते. टाळाटाळीचा खरा तोटा हाच.

व्हॅन रायपर यांना वाट दाखवली ती एका म्हाताऱ्याने. तोही तोतराच, पण शब्दाशी झगडत नव्हता. अडला तरी सहज, सावकाश पुढे जायचा. तोतरेपणा गेला नाही तरी तो सोपा करता येईल, हे त्यांना तिथे उमगलं.

पुढे आयोवा विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९३६ मध्ये कॅलमझू इथे स्पीच क्लिनिक सुरू केलं. तिथे आधी भीती कमी करायची, टाळलेले शब्द मुद्दाम बोलायचे, असा क्रम असे. मग तीन युक्त्या शिकवल्या जात.

पहिली : शब्दावर अडखळलात, तर तो संपवून क्षणभर थांबा आणि तोच शब्द पुन्हा सावकाश म्हणा.

दुसरी : अडलेल्या जागीच जोर सोडा, आवाज सैल करा आणि शब्दातून हळूच बाहेर पडा.

तिसरी : अडणार हे आधीच जाणवलं, तर शब्दाची सुरुवातच हलकी करा.

क्रमही महत्त्वाचा. आधी चूक झाल्यावर, मग होत असताना आणि शेवटी होण्याआधी सावरायचं.

१९९४ मध्ये व्हॅन रायपर गेले. त्यांचं अडखळणं पूर्ण कधीच थांबलं नव्हतं, तरी ते आयुष्यभर शिकवत आणि भाषणं देत राहिले. त्यांच्या या युक्त्या स्पीच थेरपिस्ट आजही शिकवतात.